साप चावल्यावर डॉक्टर लगेच इंजेक्शन का देत नाहीत

जून ते ऑक्टोबर हा सर्पदंशाचा हंगाम. भाताची लावणी, भुईमुगाची काढणी, रात्रीचं पाणी धरणं, ओट्यावर झोपणं, या सगळ्यांत माणूस आणि साप एकाच वाटेवर येतात. मग ग्रामीण रुग्णालयात जीप येऊन थांबते, सोबत सात-आठ माणसं असतात आणि त्यांची पहिली मागणी एकच असते, "साहेब, आधी सापाचं इंजेक्शन द्या." ड्यूटीवरचा डॉक्टर मात्र रक्त घेतो, काचेच्या नळीत घालतो, नळी बाजूला ठेवतो आणि बाहेरून पाहणाऱ्याला वाटतं की तो वीस मिनिटं नुसता बसून आहे. आवाज चढतात ते इथेच. त्या वीस मिनिटांत आणि पुढच्या चोवीस तासांत डॉक्टर काय बघत असतो, हे ठाऊक असेल तर बरीच भांडणं टळतील.

महाराष्ट्रात जिवावर बेतणारे साप मुख्यतः चार: नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं. बाकी धामण, दिवड, तस्कर, कवड्या हे बिनविषारी. पण अंधारात कोण ओळखणार? त्यातही कवड्या दिसायला मण्यारसारखा, त्यामुळे दिवसाउजेडीही घोळ होतो. शिवाय विषारी साप चावला तरी दर वेळी विष सोडतोच असं नाही. अशा कोरड्या दंशात दातांच्या खुणा असतात, विष नसतं. "दोन टिंबं म्हणजे विषारी, अनेक टिंबं म्हणजे बिनविषारी" हे गावोगाव सांगितलं जातं, पण त्यावर उपचार ठरवू नयेत. मण्यारच्या चाव्याची खूण अनेकदा सापडतही नाही.

थोडक्यात, साप चावलेल्या प्रत्येकाला इंजेक्शनची गरज नसते. आणि ते इंजेक्शन निरुपद्रवी नाही. प्रतिसर्पविष, डॉक्टरांच्या भाषेत एएसव्ही, घोड्याच्या रक्तापासून बनतं. घोड्याला सापाच्या विषाचे थोडे थोडे डोस देतात, त्याच्या रक्तात तयार झालेली प्रतिद्रव्यं वेगळी काढून शुद्ध करतात आणि ती कुपीत भरतात. मुंबईत परळच्या हाफकिन संस्थेचं नाव या कामाशी पिढ्यान्‌पिढ्या जोडलेलं आहे. घोड्याचं प्रथिन माणसाच्या शरीराला परकं, त्यामुळे काहींना त्याची तीव्र प्रतिक्रिया येते, कधी जीवघेणीही. म्हणून नियम असा: विष अंगात भिनल्याची खूण दिसली तर एक मिनिटही दवडायचं नाही, आणि खूण नसेल तर नातेवाईक कितीही ओरडले तरी द्यायचं नाही. सापाचं नाव कळलं तर मदत होते, पण डॉक्टर उपचार सापावर करत नाही, समोरच्या माणसात काय दिसतंय त्यावर करतो.

त्याआधी घरापासून दवाखान्यापर्यंतची वाट. २००० ते २०१९ या काळात भारतात सर्पदंशाने सुमारे १२ लाख मृत्यू झाले असावेत, म्हणजे वर्षाला सरासरी ५८ हजार, असा एका मोठ्या अभ्यासाचा अंदाज आहे. त्यातले बहुसंख्य ग्रामीण भागात आणि रुग्णालयाबाहेर झाले. म्हणजे डॉक्टरच्या हाती पेशंट येण्याआधीच खेळ संपलेला असतो, आणि त्यात भगताकडे घालवलेले दोन-तीन तास हे मोठं कारण असतं. मंत्राने उतरलेली विषं ही बहुतेक धामणीची किंवा कोरड्या दंशाची असतात. देवऋषाची कीर्ती त्यावरच उभी असते.

घरी करायच्या गोष्टी मोजक्या आहेत. माणसाला आडवं करा, धीर द्या, चालवू नका. चावलेल्या हाताला किंवा पायाला हाड मोडल्यावर बांधतात तशी फळी किंवा काठी सैलसर बांधा, म्हणजे स्नायू हलणार नाहीत आणि विष हळू पसरेल. अंगठी, बांगड्या, जोडवी, काळा दोरा ताबडतोब काढा. सूज चढली की ते कापूनच काढावे लागतात. चिरा देऊ नका, चोखू नका, बर्फ लावू नका, घट्ट दोरी आवळू नका. १०८ ला फोन करा. गाडी लांब असेल तर मोटारसायकलवर दोघांच्या मध्ये बसवून निघा. उलटी होत असेल तर डाव्या कुशीवर वळवा. साप मारून पिशवीत आणू नका, कारण तुटलेलं डोकंही काही काळ चावू शकतं. लांबून मोबाइलवर फोटो निघाला तर उत्तम, नाही निघाला तरी अडत नाही.

पेशंट टेबलावर आला की डॉक्टर सगळ्यात आधी श्वास, नाडी, रक्तदाब बघतो. श्वास अडखळत असेल तर बाकी सगळं मागे. मग प्रश्न: किती वाजता चावलं? तेव्हा काय करत होता? पहिल्यांदा काय झालं, दुखलं की डोळे जड झाले? शेवटची लघवी कधी झाली, रंग कसा होता? कुणी काही पाला, औषध, दारू दिली का? चावल्याची वेळ केसपेपरवर ठळक लिहिली जाते, कारण पुढचा प्रत्येक निर्णय त्या वेळेपासून मोजला जातो.

पायाला करकचून दोरी बांधलेली असेल तर ती सोडायलाही पद्धत आहे. आवळलेल्या भागाच्या खाली अडकून राहिलेलं विष दोरी सोडताच एकदम अंगभर जातं आणि काही मिनिटांत श्वास बंद पडू शकतो. म्हणून आधी शिरेत सलाइनची सुई, एएसव्ही हाताशी, अँबू बॅग (हाताने दाबून श्वास देण्याची पिशवी) हाताशी, आणि मगच दोरी सोडायची. नातेवाईकांनी दारातच घाईघाईने सोडली तर ही सगळी तयारी वाया जाते.

आता ती काचेची नळी. घोणस आणि फुरसं यांचं विष रक्त गोठवणारी यंत्रणा एकदम कामाला लावतं. रक्तातली गोठण्याची द्रव्यं भराभर वापरली जातात आणि संपतात. मग रक्त पाण्यासारखं वाहत राहतं. हिरड्यांतून, जुन्या जखमेतून, लघवीतून, कधी मेंदूतही रक्तस्राव होतो. हे रक्तस्राव दिसण्याआधी ओळखायचं असेल तर महागड्या यंत्राची गरज नाही. कोरड्या, स्वच्छ काचेच्या नळीत शिरेतलं २-३ मिली रक्त घ्यायचं, नळी उभी ठेवायची, वीस मिनिटं हात लावायचा नाही. मग एकदाच तिरकी करायची. गुठळी झाली असेल तर ती जागेवर राहते. रक्त वाहिलं, तर विष रक्तात भिनलं आहे. एएसव्ही लगेच सुरू.

इतकी सोपी चाचणीही चुकते, आणि चुकण्याची कारणं जवळपास नेहमी सारखीच असतात. नळी प्लॅस्टिकची असते. किंवा काचेची असते, पण साबणाने धुतलेली. रक्ताच्या गोठण्याची साखळी काचेच्या पृष्ठभागामुळे सुरू होते. प्लॅस्टिकमध्ये किंवा साबणाचा थर असलेल्या काचेत ती नीट सुरू होत नाही, आणि निरोगी माणसाचं रक्तही गोठलेलं दिसत नाही. मग विष नसलेल्याला दहा कुप्या जातात. दुसरी चूक अधीरपणाची: पाचव्या मिनिटाला कुणीतरी नळी हलवून बघतो आणि गुठळी मोडतो. शंका असेल तर त्याच नळ्यांच्या संचातल्या दुसऱ्या नळीत एखाद्या निरोगी माणसाचं रक्त घालून तुलना करावी, हा जुन्या डॉक्टरांचा उत्तम उपाय आहे.

पहिल्या नळीत गुठळी झाली म्हणून पेशंट घरी जात नाही. विष चावलेल्या जागेतून हळूहळू रक्तात उतरत राहतं. सुरुवातीच्या तासांत दर अर्ध्या तासाने, नंतर तासाने ही चाचणी पुन्हा होते. "दोनदा तपासलं ना, आता सोडा" म्हणून सहीने पेशंट घेऊन जाणारे नातेवाईक असतात. पुरते चोवीस तास काही झालं नाही तरच धोका टळला असं धरतात.

नाग आणि मण्यार यांचं काम वेगळं. त्यांचं विष नसा आणि स्नायू यांच्यातला संदेश तोडतं. सुरुवात डोळ्यांपासून होते: पापण्या जड, एकाचे दोन दिसणं, मग बोलणं बोबडं, गिळता न येणं, मान न सावरणं, शेवटी श्वासाचे स्नायू. डॉक्टर दर थोड्या वेळाने पेशंटला वर बघायला सांगतो, मान उचलायला सांगतो, आणि एका श्वासात किती आकडे मोजता येतात ते मोजायला लावतो. नातेवाईकांना हा खेळ वाटतो. पण आधी तीसपर्यंत जाणारा माणूस पंधरावर आला, मग दहावर, तर त्याचा अर्थ श्वास बंद पडायला फार वेळ उरलेला नाही, आणि श्वासनलिकेत नळी घालण्याची तयारी आताच हवी.

यात सगळ्यात फसवा मण्यार. तो रात्री फिरतो आणि जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावतो. वेदना जवळपास नाही, सूज नाही, खूण नाही. पहाटे माणूस उठतो तो पोट दुखतंय, उलटी होतेय, घसा धरलाय म्हणत. घरचे ओवा देतात. दवाखान्यात पित्ताचं इंजेक्शन मिळून तो परत गेला तर दुपारपर्यंत उशीर झालेला असतो. म्हणून पावसाळ्यात, जमिनीवर झोपलेला, पहाटे पोटदुखीने उठलेला आणि पापण्या झुकलेल्या माणसाकडे सर्पदंशाच्या संशयानेच बघायचं, साप कुणी पाहिला नसला तरी. खाटेवर झोपावं आणि मच्छरदाणीची कड गादीखाली नीट खोचावी. मण्यारविरुद्ध यापेक्षा परिणामकारक उपाय कुठल्याही रुग्णालयात नाही.

एएसव्ही द्यायचं ठरलं की पहिला डोस साधारण दहा कुप्यांचा. हा आकडा हवेतून आलेला नाही. एक मिली एएसव्ही घोणशीचं ०.६ मिलिग्रॅम विष निकामी करतं, म्हणजे १० मिलीची कुपी ६ मिलिग्रॅम. घोणस एका चाव्यात सरासरी ६३ मिलिग्रॅमच्या आसपास विष सोडते. भागाकार करून बघा. आणि याच हिशोबामुळे चार वर्षांच्या मुलालाही दहाच कुप्या लागतात. साप मूल बघून विष कमी सोडत नाही. औषध वजनाला नसतं, विषाला असतं. मुलांसाठी फक्त ते मिसळायचं सलाइन कमी घेतात. गरोदर बाईलाही तोच डोस.

भुकटीच्या कुपीत १० मिली निर्जंतुक पाणी घालून ती हाताच्या तळव्यात हलकेच फिरवायची असते. घाईत जोराने हलवली की फेस होतो, औषध फेसात अडकतं आणि प्रथिन खराब होतं. दहा कुप्या नीट विरघळायला वेळ लागतो. म्हणून अनुभवी सिस्टर दोघी मिळून हे करतात आणि विरघळलेल्या कुप्या सलाइनमध्ये जात असताना उरलेल्या फिरवत राहतात. हे मिश्रण शिरेतून, सुरुवातीला हळू, मग साधारण तासाभरात पूर्ण जातं. चावलेल्या जागेभोवती टोचायचं नाही. त्याने फायदा होत नाही, बोटात टोचलं तर बोट मात्र जाऊ शकतं. आधी कातडीखाली थोडं टोचून "टेस्ट डोस" घेण्याची पद्धत अजून काही ठिकाणी दिसते. ती सोडून द्यायला हवी, कारण कुणाला प्रतिक्रिया येईल हे त्यातून कळत नाही, वेळ तेवढा जातो.

प्रतिक्रिया कुणालाही येऊ शकते, हे धरूनच डॉक्टर बसतो. खाज, अंगावर गांधी, थंडी वाजणं, उलटी, पोटात मुरडा, छातीत घरघर, रक्तदाब कोसळणं. यातलं पहिलं लक्षण दिसताच एएसव्ही थांबवून मांडीच्या बाहेरच्या बाजूला स्नायूत अ‍ॅड्रेनलिन ०.५ मिलिग्रॅम, मुलांना किलोमागे ०.०१ मिलिग्रॅम. उतार पडला नाही तर पाच-दहा मिनिटांनी पुन्हा. हे इंजेक्शन सिरिंजमध्ये भरूनच शेजारी ठेवलेलं असतं, प्रतिक्रिया आल्यावर कपाट शोधायचं नसतं. अ‍ॅव्हिल (अ‍ॅलर्जीवरचं औषध) आणि स्टेरॉइड ही जोडीची औषधं आहेत, अ‍ॅड्रेनलिनची जागा ती घेऊ शकत नाहीत. अ‍ॅड्रेनलिन द्यायला हात आखडतो आणि आधी अ‍ॅव्हिलच दिलं जातं, हीच इथली नेहमीची चूक. पेशंट सावरला की तेच एएसव्ही पुन्हा हळूहळू सुरू करतात. प्रतिक्रिया आली म्हणून विषावरचा एकमेव उतारा कायमचा बंद करत नाहीत.

दहा कुप्या गेल्यावर अजून द्या, अजून द्या असा आग्रह होतो. घोणस-फुरशाच्या बाबतीत डॉक्टर सहा तास थांबतो. एएसव्ही रक्तातलं मोकळं विष निकामी करतं; पण संपलेली गोठण द्रव्यं यकृतालाच नव्याने बनवावी लागतात आणि त्याला साधारण सहा तास लागतात. मधल्या काळात नळीतलं रक्त गोठलं नाही म्हणजे औषध लागू पडलं नाही असं होत नाही. सहा तासांनीही गोठलं नाही तर मात्र आणखी दहा कुप्या.

नसांवरच्या विषात एक जोडीचं औषध आहे, निओस्टिग्मिन. प्रौढाला १.५ मिलिग्रॅम स्नायूत, त्याआधी अ‍ॅट्रोपिन ०.६ मिलिग्रॅम. नागाचं विष स्नायूच्या बाजूची जागा अडवून बसतं, त्यामुळे निओस्टिग्मिनने नसांचे संदेश वाढवले की अर्ध्या तासात पापणी वर सरकताना दिसते. मण्यारचं विष मात्र नसेचं टोकच निकामी करतं. तिथे ना निओस्टिग्मिन चालतं, ना कितीही कुप्या ओतून झालेलं नुकसान परत येतं. नसेचं टोक नव्याने तयार होईपर्यंत, म्हणजे काही दिवस, पेशंटला व्हेंटिलेटरवर श्वास देत राहणं एवढाच उपाय. व्हेंटिलेटर नसेल तर अँबू बॅग दाबत जिल्हा रुग्णालयापर्यंत जावं लागतं, नातेवाईकांनी आलटून पालटून. आणि इथे एक गोष्ट प्रत्येक डॉक्टरने लक्षात ठेवायची: मण्यार चावलेला माणूस हालचाल करत नाही, बोलत नाही, बाहुल्या विस्फारलेल्या आणि प्रकाशाला न हलणाऱ्या, मेंदू मृत झाल्यासारखाच दिसतो. पण तो शुद्धीवर असू शकतो, त्याला सगळं ऐकू येत असतं. श्वास देत राहिलं तर असे लोक उठून घरी जातात. त्याच्या उशाशी "आता काही राम नाही" असं बोलायचं नाही, आणि श्वास तर थांबवायचाच नाही.

वरच्या रुग्णालयात पाठवणं म्हणजे हात झटकणं नव्हे, पण पहिला डोस न देता पाठवलं तर तसंच होतं. विषाची खूण दिसत असेल तर एएसव्ही प्राथमिक आरोग्य केंद्रातच सुरू व्हायला हवं, गाडी येईपर्यंत. चिठ्ठीवर चावल्याची वेळ, किती कुप्या कधी गेल्या, नळीचा निकाल आणि लघवी किती झाली हे लिहिलेलं असलं की पुढचा डॉक्टर पुन्हा शून्यापासून सुरुवात करत नाही. घोणशीच्या दंशात लघवी कमी होणं ही मूत्रपिंड बसत असल्याची खूण. तिथे डायलिसिसची सोय लागते. सुजलेला पाय टणक झाला म्हणून तो चिरून मोकळा करण्याची घाईही नको. रक्त गोठत नसताना केलेला चिरा वाहतच राहतो. स्नायूत टोचायची बाकीची इंजेक्शनं, धनुर्वाताचं धरून, रक्त गोठायला लागल्यावर. दुखण्यावर पॅरासिटामॉल चालतं; अ‍ॅस्पिरिन, डायक्लोफेनॅक नाही.

सह्याद्रीत आणि गोव्याच्या बाजूला एक अडचण आहे. एएसव्ही फक्त त्या चार सापांसाठी बनतं. चापड्याच्या जातीचे साप, म्हणजे हिरवा चापडा, मलबारी चापडा, यांच्या विषावर त्याचा भरवसा नाही. पायाला सूज आणि वेदना भरपूर, रक्तही कधी बिघडतं, आणि दहावर दहा कुप्या दिल्या तरी फरक पडत नाही. अशा वेळी काजूच्या बागेत झाडाच्या फांदीवर हिरवा साप दिसला होता का, हा एक प्रश्न वीस कुप्या वाचवतो. मग वेदनाशामक, सुजलेला भाग उंच ठेवणं, सलाइन आणि लक्ष ठेवणं.

विंचवाची गोष्ट याच मुलखातली, म्हणून थोडक्यात. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर १९७६ पासून बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात लाल विंचवाने दंश झालेल्या रुग्णांच्या उशाशी बसून नोंदी ठेवत होते. घाम, उलटी, थंडगार हातपाय, वाढलेला रक्तदाब, मग फुप्फुसात पाणी. या विषाने शरीर अ‍ॅड्रेनलिनच्या जातीची द्रव्यं बेसुमार सोडतं आणि रक्तवाहिन्या आवळतात, हे लक्षात आल्यावर त्या सैल करणारं रक्तदाबाचं साधं औषध, प्राझोसिन, त्यांनी वापरलं आणि १९८६ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध केलं. आधी शंभरातले तीसच्या आसपास दगावायचे, ते प्रमाण अगदी नगण्य झालं. गोळी तोंडाने, किलोमागे ३० मायक्रोग्रॅम, दर तीन तासांनी. आणि पहिल्या गोळीनंतर पेशंटला उठवायचं नाही, रक्तदाब एकदम उतरतो.

सर्पदंशाचा पेशंट घरी जाताना कागदावर दोन गोष्टी लिहून घ्या. पाच ते दहा दिवसांनी ताप, सांधेदुखी, अंगावर पुरळ आलं तर ती एएसव्हीची उशिरा येणारी प्रतिक्रिया असते. चार-पाच दिवसांच्या स्टेरॉइडच्या गोळ्यांनी ती जाते, भगताला "विष उलटलं" म्हणायची संधी देऊ नका. आणि घोणस चावलेल्याची क्रिएटिनिनची (मूत्रपिंडाचं काम कळण्यासाठीची) तपासणी आठवड्याने पुन्हा व्हायला हवी. काही महिन्यांनी सतत थकवा, पाळी बंद होणं, भूक जाणं असं झालं तर डॉक्टरांना जुन्या दंशाबद्दल आवर्जून सांगा: घोणशीच्या विषाने मेंदूतली पिट्युटरी ग्रंथी दुखावलेली असू शकते, आणि तो संबंध कुणी सांगितल्याशिवाय नव्या डॉक्टरच्या डोक्यात यायचा नाही.